कापसाची सुट्टी

उरलेल्या महाराष्ट्रात शाळा जूनच्या मधोमध उघडतात. आमच्या विदर्भात त्या उघडता उघडता जून संपत येतो, बहुधा २६ तारखेच्या आसपास. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. मृग लागला तरी नागपूरचं ऊन लवकर हटत नाही आणि पत्र्याच्या छपराखाली लहान लेकरं बसवणं बरं नाही. म्हणून सरकारनं विदर्भापुरती तारीख पुढं ढकलली. चांगलं केलं. म्हणजे शाळेचं पंचांग वाकू शकतं, हे आम्हाला दरवर्षी दिसतं.

कापसासाठी मात्र ते कधी वाकलं नाही. दसऱ्याच्या सुमाराला पहिलं बोंड फुटतं आणि संक्रांतीच्याही पुढं वेचणी चालते. या काळात आमच्या काटोल-सावनेरच्या पट्ट्यातल्या शाळांचे वर्ग पिढ्यान् पिढ्या अर्धे रिकामे राहिले. मध्ये दिवाळीची सुट्टी येते, पण ती दिवाळीची. शाळा कोणी काढली, इमारत कोणी बांधली, पहिला नंबर कोणाचा आला, हे गावाच्या स्मरणिकेत छापून येतं. जे आले नाहीत ते का आले नाहीत, याचं पान कोणी लिहीत नाही. म्हणून म्हटलं, आपण लिहावं.

ज्यांनी वेचणी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वावरात पांढरं दिसायला लागलं की आधी सीतादही करायची. पऱ्हाटीजवळ दहीभाताचा निवद दाखवायचा, मग पहिलं बोंड वेचायचं. त्यानंतर कास्तकाराला दम नसतो. फुटलेला कापूस झाडावर राहिला आणि एखादा अवकाळी पाऊस आला की त्याची कवडी होते, भाव पडतो. वेचायची खरी वेळ सकाळची. दवानं पाला नरम असतो, त्याचा चुरा कापसाला चिकटत नाही. ऊन चढलं की वाळलेलं पान हात लागताच मोडतं आणि कापसात कचरा येतो. म्हणजे ज्या वेळी शाळेची घंटा वाजते, नेमकी तीच वेळ वावरात हातांची. कमरेला ओटी बांधून बाया वरची बोंडं वेचत पुढं जायच्या आणि खालच्या फांद्यांची बोंडं पोट्ट्यापोट्टींच्या वाट्याला यायची. त्यांना वाकावं लागत नाही. हा हिशेब कोणी कागदावर केला नव्हता, तो आपोआप झाला होता.

कापूस हे मोठं कारण. बाकीची लहान कारणं वर्षभर पसरलेली होती. पावसाळ्यात निंदण आणि डवऱ्याचे बैल धरणं, ज्वारी दाण्यावर आली की पाखरं हाकणं, माघ-फाल्गुनात हरभरा उपटणं, जंगलाकडच्या गावांत चैत्राच्या तोंडाला मोहफुलं वेचणं. भिवापूर-कुहीकडं मिरचीची तोडणी. आणि बारा महिने ढोरं. गरिबाचा पोरगा आठ-नऊ वर्षांचा झाला की कोणाच्या तरी ढोरामागं लागायचा. पाडव्याला साल ठरायचं, त्या दिवसापासून पुढच्या पाडव्यापर्यंत तो त्या घरचा. त्याच्या सालात रविवार नव्हता, मग सोमवारची शाळा कुठून येणार?

आमच्या वर्गात हजेरीच्या वेळचा संवाद ठरलेला होता.

"काल काहून नाही आला रे?"

"कापूस वेचाले गेल्तो जी."

"अन् परवा?"

"परवा बी जी."

गुरुजी मान हलवायचे आणि पुढचं नाव घ्यायचे. कधी छडी मिळायची, कधी नाही. गुरुजींचाही स्वतःचा दोन एकर कापूस असला तर बहुधा नाही.

आता हे सगळं काही आम्हालाच पहिल्यांदा सुचलं असं नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं जे निवेदन दिलं, त्यात हे स्वच्छ लिहिलं आहे. खेड्यातले शेतकरी शाळेपासून दूर राहतात ते दारिद्र्यामुळं, आणि गुरं राखायला नि शेत सांभाळायला त्यांना मुलं लागतात म्हणून. त्यावर त्यांनी दोन गोष्टी सोबतच मागितल्या. एक म्हणजे निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं करा. दुसरी, या मुलांना शिष्यवृत्त्या आणि सहामाही-वार्षिक बक्षिसं द्या, म्हणजे ती शाळेत टिकतील. सक्ती पाहिजे, पण घरात जे उणं पडतं त्याची काही भरपाईही पाहिजे. पुढं जे जे कायदे झाले, त्यांत कधी एक गोष्ट घेतली गेली, कधी दुसरी. दोन्ही एकदम फार क्वचित.

आमच्या मध्यप्रांतात इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक वेगळीच तोड काढली होती, ती अर्धवेळ शाळेची. खेड्यातल्या शाळेत कास्तकारांच्या पोरांनी सकाळी तीनेक तास शिकायचं आणि मग घरच्या कामाला जायचं. मला ही गोष्ट वाचनालयातल्या एका जुन्या पुस्तकात सापडली तेव्हा मी ती पाने दोनदा वाचली. साहेबाला आमच्या पोरांचा कळवळा होता असं मी म्हणणार नाही. त्याला सारा वसूल करायचा होता आणि त्यासाठी वावरात माणूस पाहिजे होता. शिवाय अर्ध्या वेळेची शाळा म्हणजे अर्धंच शिक्षण, ही शंका रास्त आहे. तरी एवढं खरं की शाळेची वेळ आणि वावराची वेळ एका कागदावर मांडून पाहणारा कोणीतरी होता.

सक्तीचा पहिला मोठा प्रयोग बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी केला. १८९३ साली अमरेली भागातल्या थोड्या गावांत आणि १९०६ पासून सगळ्या संस्थानात. हा राजा मूळचा मालेगावजवळच्या कवळाण्याचा. दत्तक जाईपर्यंत, म्हणजे बाराव्या वर्षापर्यंत, खेड्यातच वाढलेला आणि तोवर अक्षरओळख नसलेला. ज्याचं स्वतःचं बाळपण शाळेबाहेर गेलं त्यानं शाळा सक्तीची केली.

मग आला गोखल्यांचा कायदा, जो झालाच नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मार्च १९११ मध्ये कौन्सिलात प्राथमिक शिक्षणाचं बिल मांडलं. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना सक्ती, न पाठवणाऱ्या पालकाला दंड, आणि तोही सगळीकडं एकदम लागू नाही. जिथं बऱ्यापैकी मुलं आधीच शाळेत जातात तिथल्या स्थानिक संस्थेनं मागितलं तर. पण माझं लक्ष गेलं ते सवलतीच्या कलमाकडं. कोणत्या कारणानं मूल घरी राहिलं तर चालेल? आजारपण, घरची अडचण, आणि शेतीच्या हंगामाची गरज. शेतीचा हंगाम! पुण्याच्या कॉलेजातला प्रोफेसर, आयुष्यभर सरकारी बजेटाचे आकडे मांडणारा माणूस, आणि त्याच्या कायद्यात आमच्या वेचणीला जागा होती. १९ मार्च १९१२ ला मतं पडली. बाजूनं १३, विरुद्ध ३८. बिल पडलं. विरोध करणाऱ्यांत सरकारी सभासद होते तसे जमीनदारही होते. पोरं शिकली तर वावरात कोण येईल, ही धास्ती तेव्हा उघड बोलली जात होती. ज्या हंगामाची सवलत कायदा देत होता, त्याच हंगामाच्या भीतीनं तो मारला गेला, असं माझं मत आहे.

पुढं १९१७ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला आणि पुढच्या वर्षी चिखली गावी पहिली शाळा सुरू झाली. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. तेव्हाचा रुपया म्हणजे मजुराची कित्येक दिवसांची कमाई. कडक वाटतो, पण महाराजांनी नुसता दंड लावला नाही. शाळा काढल्या, मास्तर नेमले, वसतिगृहं बांधली, दरबाराच्या तिजोरीतून खर्च केला. दंड लावायचा तर आधी दारात शाळा पाहिजे, एवढा साधा न्याय त्यात होता.

नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी. आमच्याकडं १९२० साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. त्यानं सक्ती करायची की नाही हे नगरपालिका आणि जिल्हा कौन्सिलांवर सोडलं. आता कौन्सिलात निवडून कोण यायचं? मालगुजार आणि मोठे कास्तकार. ज्यांच्या ढोरामागं गावची पोरं होती त्यांनीच ठरवायचं, की ती पोरं शाळेत धाडायची का. खेड्यांत सक्ती किती पोहोचली असेल याचा अंदाज वाचकांनी बांधावा.

१९३७ साली काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं तेव्हा दोन गोष्टी आमच्याच मुलखात घडल्या. वर्ध्याला त्याच ऑक्टोबरात परिषद भरली आणि गांधीजींची नई तालीम पुढं आली. पोरांनी शाळेत हातानं काम करायचं, सूत कातायचं. म्हणजे ज्या कापसापायी पोरं शाळेत येत नव्हती तो कापूस टकळीवर बसून शाळेत आला. दुसरी रविशंकर शुक्लांची विद्यामंदिर योजना. शाळेच्या नावानं जमीन करायची आणि तिच्या उत्पन्नावर मास्तरचा पगार. दोन्ही गोष्टींत शेत आणि शाळा एकत्र आणायची खटपट होती. दोन्ही टिकल्या नाहीत. नई तालीमबद्दल लोक आदरानं बोलतात आणि स्वतःची मुलं दुसरीकडं घालतात, हे मी सेवाग्रामला जाऊन आल्यावर सांगतो आहे.

स्वातंत्र्यानंतर शाळा जनपदच्या झाल्या, १९६२ पासून जिल्हा परिषदेच्या. शाळा गावोगाव आली, हे मात्र खरं आणि मोठं काम. आमच्या पिढीनं शाळा दूर आहे अशी तक्रार केली नाही. तरी नावं कमी होत राहिली.

ती कशी कमी होत, हे शाळेतल्या एका जाड वहीत लिहिलेलं असतं. तिला आमच्याकडं दाखल-खारीज म्हणतात. नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, कारण. पोरगं महिना-दोन महिने दिसलं नाही की गुरुजी घरी निरोप धाडायचे, एखादवेळी स्वतः यायचे, आणि मग नाव खारीज. काही वर्षांमागं नातवाच्या जात पडताळणीसाठी मला माझ्या बापाची नोंद पाहिजे होती. आम्ही कुणबी. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. अनुसूचित जातीला १९५० च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना १९६१ च्या आधीचा. बाप दोन वर्षं शाळेत गेला होता, त्याची ओळ मिळाली, काम झालं. पण वही हातात आली तशी मी पानं उलटत बसलो. खारीजच्या तारखा पाहिल्या तर कार्तिक-मार्गशीर्षाच्या कितीतरी. कारणाच्या रकान्यात 'घरकाम', 'बाहेरगावी', आणि सगळ्यात जास्त 'सतत गैरहजर'.

त्यात माझ्या मोठ्या बहिणीचं नाव होतं. चौथीतून खारीज. कारण, सतत गैरहजर.

बाई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. घरात तिच्या पाठची आम्ही चौघं. सर्वात लहान भाऊ तिच्या कडेवर आणि तिची ओटी कापसानं भरलेली, अशी ती मला आठवते. ती कुठं गैरहजर होती? वावरात होती, चुलीपाशी होती, विहिरीवर होती. मी १९७६ साली दहावी झालो ते तिच्या वेचणीच्या पैशावर, हे आमच्या घरी सगळे जाणतात, तीही. मी नोंदीचा फोटो मोबाईलवर काढून तिला दाखवला. तिला स्वतःचं नाव वाचता येतं. तिनं वाचलं आणि म्हणाली, "गुरुजीचं अक्षर मोठं चांगलं होतं बाप्पा."

ज्यांच्या आज्याला ढोरामागून एक दिवसही शाळा मिळाली नाही, त्यांची गोष्ट आणखी वाईट. त्यांचं दाखलही नाही आणि खारीजही नाही. आमच्या गावात असं एक घर आहे. नातू इंजिनिअरिंगला लागला, पडताळणी समितीनं जुना पुरावा मागितला. आजा शाळेत गेला नाही, त्याच्या नावावर जमीन नाही, म्हणून सातबाऱ्यावरही नाही. दोन वर्षं ते लोक तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या चकरा मारत होते. शेवटी चुलत आज्याची जन्माची नोंद कोतवालबुकात सापडली. साठ-सत्तर वर्षांमागची गैरहजेरी अशी नातवाच्या फीमध्ये येऊन उभी राहते.

पुढं सरकारचं धोरण उलटं फिरलं, आणि ते फुल्यांनी सांगितलेल्या दुसऱ्या गोष्टीकडं फिरलं. १९९२ पासून दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या, पहिली ते चौथीतल्या मुलींना हजेरीचा भत्ता सुरू झाला. दिवसाला एक रुपया, हजेरी निदान ७५ टक्के पाहिजे. शाहू महाराजांचा रुपया पालकाकडून सरकारकडं जात होता, हा रुपया सरकारकडून पालकाकडं आला. फरक एवढाच की तो रुपया बोचायचा आणि या रुपयाला काही येत नाही. तीस वर्षं उलटली तरी तो रुपयाच राहिला, वेचणीची मजुरी मात्र किलोमागं कुठल्या कुठं गेली. १५ ऑगस्ट १९९५ पासून तांदूळ आले. ८० टक्के हजेरी भरली की महिन्याला तीन किलो. तेव्हा बायका शाळेत येऊन गुरुजींना विचारायच्या, पोरीचे किती दिवस भरले? हजेरीला वजन आलं होतं, अक्षरशः. मग कोर्टाच्या हुकुमानं शिजवलेलं अन्न, म्हणजे खिचडी. खिचडीनं पोरं आणली, यात मला शंका नाही. शहरातले लोक खिचडीला नावं ठेवतात, त्यांनी उपाशी पोटानं पाढे म्हणून पाहावेत.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा आला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य, दंड नाही. मुलाला शाळेतून काढता येत नाही. पहिली ते पाचवी वर्षाला २०० दिवस, सहावी ते आठवी २२० दिवस शाळा भरली पाहिजे. आणि आपल्या राज्यात सलग महिन्याहून जास्त जो आला नाही तो शाळाबाह्य धरायचा. खारीजचा जुना मार्ग बंद झाला, हे फार चांगलं. पण नाव कटत नाही म्हणजे मूल येतं असं नाही. शिक्षकांची पदं पटावर ठरतात, तेव्हा पट कोण कमी करेल? ४ जुलै २०१५ ला राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलं मोजली, मोजलेल्या मुलाच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली. ४ जुलै म्हणजे आमच्याकडं पेरणी-डोबणीचे दिवस. मोजणाऱ्यानं शनिवार पाहिला, नक्षत्र पाहिलं नाही.

आता आमच्या गावची पोरं वेचणीला जात नाहीत. कास्तकारांची मुलं पिवळ्या गाडीत बसून कॉन्व्हेंटला जातात, मजुरांचीही बरीचशी शाळेत असतात. गैरहजेरी संपली असं वाटावं. पण कापूस तर अजून हातानंच वेचावा लागतो. मग तो कोण वेचतं? मध्यप्रदेशातून, छिंदवाडा-पांढुर्ण्याकडून, टोळ्या येतात. संत्रा तोडायलाही तेच. नागपूरभोवतीच्या वीटभट्ट्यांवर छत्तीसगडची कुटुंबं दिवाळीनंतर येतात ती पावसाळ्याच्या तोंडाला जातात. गावची गैरहजेरी आम्ही बाहेरून मागवली, असं म्हणायला हरकत नाही. या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक नावाचा कागद आहे. इथून जाणाऱ्या मुलानं तो घेऊन जायचा आणि तिकडच्या शाळेनं त्याला बसवून घ्यायचं. कागद चांगला आहे. पण तो राज्याची हद्द ओलांडत नाही, आणि टोळी एका गावात पंधरा दिवसांवर थांबत नाही.

मागच्या दिवाळीनंतर माझ्या वावरात पांढुर्ण्याकडची टोळी होती. तिकडचे लोक मराठीच बोलतात. एका बाईसोबत दहा वर्षांची पोरगी. मी म्हटलं, लहान लेकरानं वेचायचं नाही, धुऱ्यावर झाडाखाली बसू द्या. बाई हो म्हणाली. दुपारी पाहतो तर पोरगी खालची बोंडं वेचत होती. मी विचारलं, "बाई, हिचं नाव आहे का शाळेत?"

"आहे ना काकाजी. पाचवीत आहे."

"मग मॅडम काही म्हणत नाहीत?"

"म्हणतात ना. फोन येते मॅडमचा. नाव नाही कटत म्हणे, पण परीक्षेच्या आत आणून सोडा." मग ती ओटी सोडता सोडता म्हणाली, "तुमच्या इथची शाळा किती दूर आहे? सकाळच्या दोन घंट्यांपुरती बसवतील का तिले?"

दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन विचारलं. हेडमास्तर बाई भल्या आहेत. त्या म्हणाल्या, "पाठवा, बसू द्या. ऑनलाइनला नाव चढणार नाही, पण खिचडीचं मी पाहते." पोरगी अकरा दिवस आली, सकाळी नाही, दुपारी. सकाळी दव असते.